आग लागली, लिफ्ट बंद, आणि मी खुर्चीत : रविवारी फायर ब्रिगेडच्या जवानांना काय काय सांगू?

मधुमालती | १५ एप्रिल, रात्री ९.५०

काल १४ एप्रिल, अग्निशमन सेवा दिन झाला. २० तारखेपर्यंत सप्ताह चालतो. त्या निमित्ताने आज दुपारी आमच्या जवळच्या फायर स्टेशनात जाऊन आले. स्टेशन ऑफिसरांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, रविवारी सकाळचे दोन तास तुमचे. दहा-बारा जवान असतील. तुम्हीच सांगा त्यांना." मी हो म्हणून आले. आता घरी बसून विचार करतेय, दोन तासांत नेमकं काय सांगायचं? म्हणून हा धागा.

आधी माझ्याविषयी. ११ वर्षांपूर्वी अपघातात पाठीच्या मणक्याला इजा झाली, तेव्हापासून व्हीलचेअर. बेंबीच्या खाली मला स्पर्श, वेदना, गरम-गार काहीही कळत नाही. हात उत्तम आहेत, नोकरी करते, गाडी चालवते. कांजूरमार्गला एका टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर राहते.

दोन वर्षांपूर्वी रात्री अडीचला आमच्या इमारतीच्या इलेक्ट्रिक डक्टमध्ये आग लागली. नवरा नाइट शिफ्टला, घरी मी आणि सासूबाई. लिफ्ट बंद झाल्या. सगळी बिल्डिंग खाली पळत होती. सासूबाई मला सोडून जायला तयार नव्हत्या, शेवटी शेजारच्यांनी त्यांना हाताला धरून नेलं. मी दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला आणि गॅलरीत जाऊन बसले. साधारण वीस मिनिटांनी पाठीवर सिलेंडर घेतलेले दोन जवान नऊ मजले चढून आले. त्यांचे पाय लटपटत होते ते मला दिसत होतं.

एकाने माझ्या बगलेत हात घातले, दुसऱ्याने पाय धरले आणि उचललं. मी "थांबा, पिशवी" एवढंच म्हणू शकले. माझी लघवीची पिशवी खुर्चीच्या दांडीला अडकवलेली असते. मी वर गेले, पिशवी खालीच राहिली. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, आत टिकावा म्हणून त्याच्या टोकाला पाण्याने फुगवलेला फुगा असतो. तो तसाच ताणला गेला. मला दुखलं नाही, कारण मला दुखतच नाही. रक्त खाली गेल्यावर दिसलं.

चपला वरच राहिल्या. खाली येताना माझ्या टाचा पायऱ्यांच्या कडांवर आपटत होत्या, हे त्यांना अंधारात दिसलं नाही आणि मला कळलं नाही. चौथ्या मजल्यावर धूर फार होता. तिथे मागच्या जवानाने स्वतःचा मास्क काढून माझ्या तोंडावर धरला. खाली मला वॉचमनच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. साडेतीन तास मी तिथे बसून होते, माझ्या गादीशिवाय. त्यातून बेडसोअर, म्हणजे सतत दाब पडून होणारी जखम, झाला आणि दोन महिने पालथं झोपून काढले. नोकरी टिकली ती बॉस समजूतदार म्हणून.

त्या दोघांबद्दल माझ्या मनात फक्त कृतज्ञता आहे. सगळे उतरत होते तेव्हा ते चढत होते. पण त्यांनी एकच प्रश्न विचारला असता, "ताई, कसं उचलू?", तर मी पंधरा सेकंदांत सांगितलं असतं: पिशवी आधी माझ्या पोटावर ठेवा, पायात बूट घाला, ती निळी गादी सोबत घ्या. त्यांनी विचारलं नाही, कारण असं विचारायचं असतं हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. व्हीलचेअरवरच्या माणसाशी त्यांची पहिली गाठ धुरात पडली. मला ती गाठ आधी घालून द्यायची आहे, उजेडात, चहा पिताना.

तुमच्यापैकी कुणी खुर्ची वापरत असाल, घरी कुणी असेल, या क्षेत्रात काम केलं असेल, तर सांगा. रविवारी काय विसरू नको?


जुना बंबवाला | १५ एप्रिल, रात्री ११.१५

ताई, मी अग्निशमन दलातून लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालो. ३१ वर्षं वर्दीवर, म्हणजे आगीचा कॉल आला की, धावलो. तुमचं वाचून दोन वेळा उठून पाणी प्यायलो.

१४ एप्रिल आमच्यासाठी काय आहे ते थोडं सांगतो. १९४४ साली व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यात ६६ जवान गेले. दर वर्षी त्यांच्यासाठी उभं राहताना आम्ही स्वतःला सांगतो की मागे हटायचं नाही. पण मागे न हटणं वेगळं आणि माणूस नीट उचलणं वेगळं. दुसरं शिकावं लागतं. आम्हाला जी उचल शिकवली ती शुद्ध हरपलेल्या माणसाची. खांद्यावर टाकायचा, एक हात शिडीला मोकळा ठेवायचा. त्यात माणसाचं पोट आपल्या खांद्यावर दाबलं जातं. ज्याला श्वासच कमी त्याचं काय होत असेल, हा विचार कधी शिरला नाही डोक्यात.

जवानाच्या बाजूनेही तुम्हाला माहीत हवं. बीए सेट (पाठीवरचा हवेचा सिलेंडर आणि मास्क), हेल्मेट, जाड कोट, गमबूट असा सगळा जामानिमा घालून नऊ मजले चढलेला माणूस दमलेला असतो. मास्कमधून त्याचा आवाज नीट बाहेर येत नाही आणि तुमचा आत जात नाही. सिलेंडरमधली हवा संपत असते, ती कमी झाल्याची शिटी वाजेल म्हणून त्याचं लक्ष घड्याळावर. त्यामुळे लांब बोलू नका. तीन वाक्यं तयार ठेवा, मोठ्याने म्हणायची. तुम्ही वर लिहिलीत तीच.

आणि रविवारी पहिली गोष्ट ही सांगा की घाई किती आहे ते आधी ठरवा. ज्वाळा दारात असतील तर काही विचारायचं नाही, हाताला लागेल तिथे धरून ओढायचं. कातडी पुन्हा येते, जीव येत नाही. पण दहापैकी आठ वर्द्यांना तसं नसतं. धूर असतो, लिफ्ट बंद असते, आणि एक-दोन मिनिटं असतात. ती दोन मिनिटं कशी वापरायची ते तुम्ही शिकवा.

खाली वाकून ओढायचं असेल तर गोधडी. धूर वर राहतो, जमिनीलगत हवा बरी असते, म्हणून उचलण्यापेक्षा ओढणं कधी कधी चांगलं. तुमच्या पायांना लागू नये म्हणून चादर नको, जाड गोधडीच. मात्र सपाट पॅसेजमध्ये. जिन्यावर नाही.


पार्लेकर | १६ एप्रिल, सकाळी ७.०५

अडाणी प्रश्न असेल, पण खुर्चीसकटच उचलून का आणत नाहीत?


शिवडीची ओटी | १६ एप्रिल, सकाळी ८.३०

@पार्लेकर, प्रश्न अजिबात अडाणी नाही. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, म्हणजे दिव्यांगांना रोजची कामं करता यावीत म्हणून मदत करते. उत्तर: कधी आणता येतं, कधी नाही, आणि ते खुर्चीवर अवलंबून आहे.

साधी हाताने ढकलायची खुर्ची असेल, जिना पुरेसा रुंद असेल आणि तीन-चार जण असतील, तर खुर्चीसकट आणणं सगळ्यांत उत्तम. माणूस आपल्या गादीवर, पिशवी जागच्या जागी, खाली गेल्यावर खुर्ची हाताशी. उतरताना तोंड जिन्याच्या खालच्या दिशेला. खुर्ची मागे कलती करून मागच्या मोठ्या चाकांवर तोलायची, सगळ्यांत ताकदवान माणूस मागे हँडल धरून, दुसरा पुढे वाकून फ्रेम धरून. एकेक पायरी, "एक, दोन, तीन" म्हणत. मागचा बोलेल, बाकीचे ऐकतील. दोघंजण एकाच वेळी हुकूम देऊ लागले की खुर्ची जाते.

आता मुख्य गोष्ट, मधुमालती, ही हात लावून दाखवा. धरायचं कुठे? हातांचे दांडे उपसून निघतात. पायाच्या पाट्या उपसून निघतात. ते तसेच बनवलेले असतात, म्हणजे बसणाऱ्याला बाजूने सरकता यावं. अनोळखी माणूस नेमका तेच धरतो, कारण ते धरण्यासारखे दिसतात. दांडा हातात येतो आणि खुर्ची पुढे कोसळते. वेल्डिंग केलेली फ्रेम धरायची, जी हलत नाही ती. चाक कधीच धरायचं नाही. मागच्या हँडलचे रबरी ग्रिप जुने झाले की सरकतात, तेही ओढून बघायचं.

खुर्ची उघडी-मिटी होणारी असेल तर बाजूंनी सीट धरून उचलू नये, माणूस बसलेला असतानाच ती मिटायला लागते.


सी सहा | १६ एप्रिल, दुपारी २.२०

मी आवाजावर टाइप करतो, चुका सांभाळून घ्या. माझी इजा मानेत आहे, हातांची बोटं चालत नाहीत. ताईंपेक्षा माझी गोष्ट थोडी वेगळी आहे आणि जवानांना ती कळली नाही तर माणूस डोळ्यांदेखत जाईल, म्हणून लिहितो.

मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात, म्हणजे छातीच्या सहाव्या मणक्यापर्यंत, इजा असेल, तर खाली शरीरात कुठेही काही खुपलं की रक्तदाब एकदम चढतो. डॉक्टर त्याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असतं: लघवीची नळी मुडपली आणि मूत्राशय भरलं. उचलताना नळी मांडीखाली दबली तरी पुरे. डोकं फुटेल असं ठणकतं, चेहरा लाल होतो, मानेवर कपाळावर घाम येतो. त्यातून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, धुराने घाबरलाय.

आडवं करू नका. बसवून ठेवा, पट्टा आणि कपडे सैल करा, नळी बोटांनी चाचपत पिशवीपर्यंत जा, मुडपली असेल तर सोडवा. नळी मोकळी झाली की बऱ्याचदा दाब काही मिनिटांत उतरतो.

उलट गोष्टही सांगतो. माझा रोजचा रक्तदाब ९०-६० असतो. अँब्युलन्समध्ये मोजला की सगळे हादरतात. माझ्या पाकिटात एक कार्ड आहे, त्यावर मोठ्या मराठी अक्षरात लिहिलंय: "याचा नेहमीचा बीपी ९०/६०. डोकं दुखतंय म्हणाला तर आधी लघवीची नळी बघा." UDID कार्डाच्या मागे चिकटवलंय.


सी सहा | १६ एप्रिल, दुपारी २.२४

वरती इंग्रजी अक्षरं पडली. यूडीआयडी कार्ड, दिव्यांगांचं ओळखपत्र.


रात्रपाळी | १६ एप्रिल, रात्री १०.४०

मी १०८ च्या अँब्युलन्सवर डॉक्टर म्हणून काम केलंय. सी सहा यांनी लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे. माझी दोनच वाक्यांची भर.

ज्याला पायांत जाण नाही, तो "काही लागलं नाही" म्हणाला तरी पायजमा वर करून बघा. वर्षानुवर्षं पायांवर भार न पडल्याने हाडं ठिसूळ होतात, नुसत्या पिळवटण्याने मांडीचं हाड मोडू शकतं आणि त्याला स्वतःला पत्ता लागत नाही. सूज, वेडावाकडा कोन, एकीकडे जास्त ऊब, हे डोळ्यांनी आणि हातांनीच शोधावं लागतं.

आणि खुर्ची. अँब्युलन्समध्ये ती न्यायला जागा नसते हे मी कबूल करतो. पण किमान गादी तरी पेशंटसोबत ठेवा, आणि खुर्ची कुणाच्या ताब्यात दिली त्याचं नाव पेशंटला सांगा. मी एकदा एका आजोबांना हॉस्पिटलात सोडलं, ते तीन दिवस कॉटवरून हलू शकले नाहीत, कारण त्यांची खुर्ची रस्त्याच्या कडेला राहिली होती. आजही ते मनात आहे.


कुर्ला पश्चिम | १७ एप्रिल, सकाळी ६.५०

आगीवर सगळे बोलताहेत. मी पाण्यावर बोलतो.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. आम्ही मिठी नदीपासून फार लांब नव्हतो, तळमजल्याची खोली. वडिलांना लहानपणी पोलिओ झालेला, तीनचाकी हातसायकल होती त्यांची. संध्याकाळी पाणी गुडघ्याला, तासाभरात कमरेला. फोन बंद. कोणतीही यंत्रणा आमच्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. चाळीतल्या पोरांनी खोलीचं दार बिजागरीतून काढलं, खाली ट्रकच्या दोन ट्यूबा बांधल्या आणि वडिलांना त्यावर झोपवून वरच्या माळ्याकडे जाणाऱ्या जिन्यापर्यंत आणलं.

घाबरून आम्ही त्यांना दोरीने दाराला बांधत होतो. वडील ओरडले, "बांधू नका रे, उलटलं तर मी दाराखाली जाईन." ते बरोबर होते. पुढे आपदा मित्र, म्हणजे आपत्तीतला स्वयंसेवक, म्हणून प्रशिक्षण घेतलं तेव्हा होडीच्या वेळी हेच सांगितलं: लाइफ जॅकेट घाला, पण माणसाला खुर्चीला पट्ट्याने जखडून होडीत ठेवू नका. खुर्ची वेगळी, माणूस वेगळा.

वडील आता नाहीत. त्या दिवशी मदतीला येणाऱ्यांना वाट दाखवणारा सगळ्यांत शहाणा माणूस तेच होते, हे मला आज कळतं.


एकटी | १७ एप्रिल, दुपारी १२.३०

मी व्हीलचेअरवर आहे आणि एकटी राहते. सगळे म्हणतात, दारावर स्टिकर लावा, फायर ब्रिगेडला यादी द्या. मला ते नको वाटतं. "इथे एक बाई आहे, ती उठून पळू शकत नाही" असं मी दारावर का लिहू? ती यादी कुणाकुणाच्या व्हॉट्सअॅपवर फिरेल?


मधुमालती | १७ एप्रिल, दुपारी १.१५

@एकटी, तुमची भीती अगदी रास्त आहे. मीही स्टिकर लावलेला नाही.

यादीबद्दल मला माहीत आहे ते असं. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ८ मध्ये आपत्तीच्या वेळच्या सुरक्षिततेची तरतूद आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवायची आणि धोका असेल तेव्हा त्यांना कळवण्याची व्यवस्था करायची, असं तिथे लिहिलं आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१९ मध्ये दिव्यांगांना धरून आपत्तीची तयारी कशी करायची याच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. म्हणजे नोंद हा आपला हक्क आहे. पण सोसायटीच्या नोटीस बोर्डावर नाव लावणं म्हणजे नोंद नव्हे.

आम्ही घरी असं करतो: वॉचमनच्या केबिनमध्ये बंद पाकीट. वर फक्त "फायर ब्रिगेडसाठी". आत माझा मजला, फ्लॅट, गॅलरीची दिशा, आणि ती तीन वाक्यं. शेजारच्या दोन घरांना माहीत आहे. आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावणारा जो कोणी असेल, त्याने पत्त्यासोबत पहिल्याच वाक्यात सांगायचं: "नवव्या मजल्यावर, बी विंगला, व्हीलचेअरवरची व्यक्ती आहे." म्हणजे वर चढणारे दोनऐवजी चार येतील.


जुना बंबवाला | १७ एप्रिल, दुपारी १.४०

अगदी. वर्दी घेतानाच हे कळलं तर खूप फरक पडतो. अर्धा रस्ता गेल्यावर कळलं तर मागून माणसं मागवावी लागतात. आणि तुम्ही स्वतः अडकलेल्या असाल तर तुम्हीच फोन करा, दुसऱ्याने केला असेल असं धरून बसू नका. खिडकीतून काहीतरी पांढरं हलवा.


सेक्रेटरी, घाटकोपर | १८ एप्रिल, सकाळी ९.००

आमची बावीस मजली इमारत. धागा वाचून काल रात्री रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची राखीव जागा, बघायला गेलो. लाज वाटली. कुणाच्या उरलेल्या फरश्या, तीन जुन्या सायकली, गणपतीच्या मांडवाचे बांबू. मुद्दाम भाचीची व्हीलचेअर नेली होती. आत शिरायला सहा इंचांचा उंबरठा आहे, आणि फायर डोअर इतकं जड की खुर्चीत बसून ते ओढून धरताही येत नाही आणि आतही जाता येत नाही. ज्यांच्यासाठी ती जागा सर्वांत जास्त गरजेची, त्यांनाच आत जाता येत नाही!

दर जानेवारी-जुलैला आम्ही आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी भरतो. पंप चालतो, होज आहे, स्प्रिंकलर आहेत. उंबरठ्याकडे इतक्या वर्षांत कुणी बघितलं नाही, मीही नाही. सामान आज हलवतोय. उंबरठ्याला उतार करायला गवंडी उद्या येतोय.

एक विचारायचं होतं. फायर लिफ्टने अशा व्यक्तीला आणता येतं का?


जुना बंबवाला | १८ एप्रिल, सकाळी १०.१०

जवान सोबत असेल आणि त्याने ठरवलं तर येतं. फायर लिफ्टला तळमजल्यावर स्विच असतो, तो टाकला की लिफ्ट आमच्या ताब्यात येते, बाहेरच्या बटणांना दाद देत नाही. तिचा वीजपुरवठा वेगळा असावा लागतो. स्वतःहून मात्र कुणीही कोणत्याही लिफ्टमध्ये शिरू नये. सेक्रेटरी साहेब, तो स्विच चालतो का ते बघून ठेवा. किल्ली हरवलेली असणं मी फार ठिकाणी पाहिलंय.


अर्णवचे बाबा | १८ एप्रिल, रात्री ११.५५

मुलगा सतरा वर्षांचा, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू क्षीण होत जाणारा आजार. इलेक्ट्रिक खुर्ची. रात्री बायपॅप या श्वासाला मदत करणाऱ्या मशीनवर झोपतो.

त्याला बगलेत हात घालून उचलता येत नाही. खांद्याचे स्नायूच उरलेले नाहीत, हात वर जातात आणि तो आपल्या हातांतून खाली निसटतो. मान सावरावी लागते, नाहीतर मागे पडते आणि श्वास अडकतो. एक हात पाठीमागून मानेखाली, दुसरा मांड्यांखाली, बाळाला घेतात तसा छातीशी. मी रोज घेतो.

खुर्ची शंभर किलोच्या वर. तिला कुणीही जिन्यावर उचलायचा प्रयत्न करू नका, जवान जखमी होतील. ती सोडूनच यायची. नुसती बाजूला करायची असेल तर आधी जॉयस्टिकचं बटण बंद, मग मोटरपाशी खाली दोन लीव्हर असतात, ते फिरवले की चाकं मोकळी होतात. ते फिरवले नाहीत तर चार माणसांनाही हलत नाही. आणि मोकळी झाल्यावर तिला ब्रेक नसतो, उतारावर सोडू नका.

मशीनची बॅटरी आणि मास्क एका लाल पिशवीत दाराशी टांगलेला असतो. जो त्याला उचलेल त्याच्या मागच्याने ती पिशवी घ्यायची. बस, एवढंच सांगा रविवारी. माझ्या वतीने.


मधुमालती | २० एप्रिल, रात्री ८.१५

आज झालं. सकाळी दहा ते साडेबारा. चौदा जवान होते, त्यातले दोघं रात्रपाळी करून थांबलेले.

मी भाषण केलं नाही. बंबाच्या शेजारी खुर्ची लावली आणि म्हटलं, मला कसं उचलाल? एक तरुण जवान लगेच पुढे आला आणि खुर्चीचे दोन्ही हातदांडे धरून जोर लावला. उजवा दांडा टपकन त्याच्या हातात आला. कुणी हसलं नाही. तो दांड्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "ताई, जिन्यावर असतो तर?" त्यानंतरचे दोन तास मला कुणाचं लक्ष ओढावं लागलं नाही.

ओटी ताईंनी सांगितलेलं सगळं दाखवलं. फ्रेम कुठे, ग्रिप कसे सरकतात. प्रत्येकाने चाचपून पाहिलं. मग त्यांच्यातल्याच एकाला खुर्चीत बसवून, पट्टा लावून, पाय अजिबात हलवायचे नाहीत असं सांगून, ड्रिल टॉवरच्या जिन्यावरून दोन मजले उतरवलं. उंचीवर काम करणारा माणूस, पण पहिल्या पायरीला त्याने पुढच्याचा खांदा गच्च पकडला. खाली आल्यावर म्हणाला, दिसत सगळं असतं आणि हातात काहीच नसतं. मागचा माणूस काय करतोय ते कळत नाही, म्हणून त्याने सतत बोलत राहायला पाहिजे. हे मी शिकवलेलं नाही, त्यालाच कळलं.

सी सहा, तुमचं कार्ड मी वाचून दाखवलं. एकाने मोबाइलवर त्याचा फोटो काढून स्टेशनच्या ग्रुपवर टाकला. नळी मुडपते म्हणजे काय ते दाखवायला मी घरून नवी पिशवी आणि नळी नेली होती, त्यात चहाचं पाणी भरलं. सगळ्यांनी बोटांनी चाचपत मुडपलेली जागा शोधली, मागे दोघांनी ग्लोव्हज घालून. आधी ते संकोचत होते. मी म्हटलं, मला याची लाज वाटत नाही, तुम्हालाही वाटायला नको.

अर्णवचे बाबा, तुमचं सगळं सांगितलं. बाळासारखं छातीशी घ्यायचं हे एका ज्येष्ठ जवानाने शेजारच्याला उचलूनच करून दाखवलं. लाल पिशवी लक्षात राहील, त्यांनी ती फळ्यावर लिहिली.

एक प्रश्न त्यांच्याकडून आला आणि मला त्याचं उत्तर आधी सुचलं नाही. "ताई, तुम्ही घाबरून बोलूच शकला नाहीत तर?" खरंच. त्या रात्री माझ्या तोंडून दोनच शब्द निघाले होते. म्हणून आज घरी आल्यावर ती तीन वाक्यं खुर्चीच्या पाठीवर, हँडलच्या मध्ये, मोठ्या अक्षरात चिकटवली. मागे उभा राहणाऱ्याच्या बरोब्बर डोळ्यांसमोर येतात.

निघताना स्टेशन ऑफिसरांनी विचारलं, तुमच्या इमारतीचा जिना किती रुंद? मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं राहतेय, पण त्या जिन्याने मी एकदाच खाली आले आहे. ते म्हणाले, मग पुढच्या रविवारी तिथेच करू, नववा मजला ते तळ, टेप घेऊन येतो. सासूबाईंनी पेटीतली जुनी गोधडी काढून उन्हात टाकली आहे.


अर्णवचे बाबा | २० एप्रिल, रात्री ९.०२

ताई, आम्ही भांडुपला राहतो, जवळच आहे. रविवारी अर्णवला घेऊन येऊ का? त्याला जवानांशी स्वतः बोलायचंय. इलेक्ट्रिक खुर्चीचे लीव्हरही बघता येतील त्यांना.


मधुमालती | २० एप्रिल, रात्री ९.०५

नक्की या. साडेनऊपर्यंत पोचा, दहाला सुरू करतोय. गेटपाशी उजवीकडे उतार आहे, तिथून आत घ्या.


जुना बंबवाला | २० एप्रिल, रात्री ९.३०

मीही येतो. मला मागचं हँडल द्या.